चौथ्या बाकाचं वर्तुळ

मी पांढरा फळा बोलतोय. एरवी लोक माझ्यावर लिहितात आणि मी गप्प असतो. आज मात्र ऐकून घ्या.

माझी पहिली नोकरी विम्याच्या कचेरीत. ती बंद पडली तेव्हा ताईने मला हातगाडीवर घालून आणलं आणि टायरच्या दुकानावरच्या खोलीत टांगलं. ताई स्वतः कॉलेजात शिकते आणि संध्याकाळी इथे शिकवते. शाळा सुटली की आसपासच्या दाट वस्तीतली तेरा-चौदा-पंधरा वर्षांची पोरं इथे येतात. गणित, इंग्रजी, थोडी भांडणं, पुष्कळ हसणं. घरी एका खोलीत सात माणसं; इथे निदान प्रत्येकाला स्वतःचा बाक.

ताईची एक पद्धत होती. कुणाला तिच्याशी एकट्याने बोलायचं असेल, तर त्याने माझ्या खालच्या कोपऱ्यात वर्तुळ काढायचं आणि आत आपल्या बाकाचा आकडा लिहायचा. बस्स. वर्ग सुटल्यावर ताई त्याला थांबवून घ्यायची, सगळं ऐकायची, मगच ते वर्तुळ पुसायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

चौथ्या बाकावर 'वकील' बसायची. वय वर्षं पंधरा. "शून्याने भागायचं नाही हे ठरवलं कुणी? आम्हाला विचारलं होतं का?" असले वाद घालायची, म्हणून ते नाव.

त्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. मार्कर उचलला. कोपऱ्यात वर्तुळ, आत चार.

पोरं जमत होती, तेवढ्यात हा वर्ग चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्षकाका आले.

"काय ही गिचमिड! पाहुणे येतायत. फळा कसा लख्ख हवा!"

"काका, तेवढा कोपरा राहू द्या ना," वकील म्हणाली.

"का गं? सोनं पुरलंय तिथे?"

पोरं खिदळली. उठसूट वाद घालणाऱ्या वकिलाच्या तोंडून शब्द फुटेना. चारचौघांत बोलता येत नाही म्हणून तर ते वर्तुळ होतं! काकांनी एका फटक्यात ते पुसून टाकलं.

ताई पाहुण्यांना घेऊनच आली. मग फोटो. मग काकांचं भाषण, तरुण पिढी कुणाचं ऐकत नाही यावर. वकील दाराशी उभी, नजर ताईवर. खालून तिच्या वडिलांनी हाक मारली. पुन्हा मारली. ती गेली.

दुसऱ्या दिवशी चौथा बाक रिकामा. तिसऱ्या दिवशीही. ताई घरी जाऊन आली. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "शाळा सोडवली. चुलत्याने लांब कुठल्याशा शिवणकारखान्यात लावलीय."

"मला एका शब्दाने बोलली नाही," ताई पुटपुटली. मला ओरडावंसं वाटलं.

पुसलेलं सगळं जात नाही. तिरकं ऊन पडलं की तो चार माझ्या अंगावर हळूहळू उगवतो. इतके दिवस तो मलाच ठाऊक होता. काल ताई मला फडक्याने घासत होती, आणि तिचा हात थांबला.

"काका, पाहुणे आले त्या दिवशी फळा कुणी पुसला?"

"मीच की! कसा चकचकीत झाला होता!"

ताईने फडकं त्यांच्या हातात दिलं आणि चुलत्याचं घर शोधायला जिना उतरली. अजून परतलेली नाही.

काका म्हणतात, फळ्याला डाग पडलाय, नवा आणू. खुशाल आणा, मला भंगारात घाला. पण आधी त्या पोरीला शोधा. तिने सांगितलं होतं. वेळेवर सांगितलं होतं.