उकिरड्यावर फेकलेली कणगी

मी एक जुनी कणगी आहे. धान्य सांभाळणारी म्हणजे शांत स्वभावाची, असे तुम्हाला वाटत असेल. पण मित्रांनो, मी मनात डूख धरून आहे.

पिशोरच्या एका बुरुडाने मला कळकाच्या कामट्यांनी विणले. द्वारकाबाईंनी मला शेणमातीने सारवले आणि माझ्यात दगडी ज्वारीचे बियाणे भरले. वर राख आणि कडुनिंबाचा पाला घालून त्या माझे तोंड लिंपून टाकत. चाळीस वर्षे मी एक दाणा किडू दिला नाही. थोड्या ओलीवरही येणारी ज्वारी म्हणून लांबून लोक ते बी मागायला येत. मला तेव्हा थोडा गर्व झाला असेल.

द्वारकाबाई वारल्या. त्यांचा मुलगा आप्पासाहेब दुकानातले पिशवीबंद बियाणे घेऊन आला. त्याने लाथ मारून मला उकिरड्यावर लोटले. "उंदराचं घर नुसतं!" माझी एक कामटी मोडली, बी शेणात सांडले.

वस्तीतल्या कडूबाई ते वेचू लागल्या. आप्पासाहेब ओट्यावरून हसला, "का गं कडे, कोंबड्यांशी वाटा मागती का?"

कडूबाईंनी दाणे पदरात घेतले आणि मला डोक्यावर.

पुढे बायकांनी मिळून त्यांच्या पडवीत बियाणे बँक काढली. नेलेल्या बियाण्याच्या दुप्पट सुगीला परत आणायचे. नेणाऱ्याने बी मूळ कोणाच्या घरचे ते चारचौघांत सांगायचे आणि नेताना व परत आणताना कणगी स्वतःच्या हाताने सारवायची, असा तिथला नियम.

यंदा पाऊस मधेच तुटला. आप्पासाहेबाची पेरणी दोनदा वाया गेली. रानात चार दिवसांपुरती ओल उरली, तेव्हा तो पडवीत आला. मी याच दिवसाची वाट पाहत होते.

"कडूबाई, जरा बी पाहिजे व्हतं."

"आज 'का गं कडे' नाय?" कडूबाई म्हणाल्या. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "बसा आप्पासाहेब. बी कोणाच्या घरचं, ते सांगा अन् न्या."

"मला काय ठावं? सरकारी असंल."

"तुमच्या मायचं हाय. कोंबड्यांच्या तोंडातून काढलेलं."

आप्पासाहेबाची मान खाली गेली. देऊच नका, असे मी मनात ओरडत होते. कडूबाईंनी मात्र शेणाची पाटी पुढे सरकवली. "म्हणा, मायचं हाय. अन् मग हिला सारवा."

"मायचं हाय," तो पुटपुटला आणि सारवू लागला. त्याचा तळवा मोडक्या कामटीवर आला. मी अंग चोरले नाही. कामटी कचकन रुतली, तो कळवळला.

"सांभाळून," कडूबाई म्हणाल्या, "तुमची लाथ तिथंच बसली व्हती."

आता त्याच्या रानात ज्वारी पोटरीत आली आहे. सुगीला तो बी परत घेऊन येईल आणि त्याला मला पुन्हा सारवावे लागेल. ती कामटी मी तशीच ठेवली आहे.

मित्रांनो, घरातल्या जुन्या कणगीला लाथ मारू नका. मारलीच असेल, तर कुठे मारली ते लक्षात ठेवा. हात फिरवताना उपयोगी पडते.