अकरा हिरवे दिवस

मी हवा मोजणारी डबी बोलतेय. अंघोळीच्या साबणाची डबी असते ना, साधारण तेवढीच. आत नखाएवढा पंखा, एक बारीक दिवा आणि चार वायरी. पंखा बाहेरची हवा आत ओढतो, दिव्याच्या उजेडात धुळीचे कण दिसतात, ते मी मोजते आणि दर पाच मिनिटांनी एक आकडा इंटरनेटवर पाठवते. बस्स, एवढंच येतं मला. आकडा लहान असला की नकाशावर माझ्या जागी हिरवा ठिपका दिसतो. वाढला की पिवळा, मग लाल, आणि अगदीच हाताबाहेर गेलं की जांभळा. जगात कुठेही बसलेल्या माणसाने तो बघावा आणि विचारावं, काय हो, या लोकांच्या नाकात काय चाललंय?

मला बनवलं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका मुलीने. चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली, आणि बोलणं असं तुटक की समोरच्याला वाटावं, ही भांडतेय. सगळे तिला इंजिनीअरबाई म्हणायचे. 'मी इंजिनीअर नाही हो' असं तिने शंभरदा सांगितलं, पण ऐकतंय कोण! तिने अशा नऊ डब्या जोडल्या आणि वस्तीतल्या नऊ खिडक्यांना टांगल्या. वस्तीच्या टोकाला लोखंड वितळवायचा कारखाना आहे, त्याच्या चिमणीसाठी हा सगळा खटाटोप.

तसं सरकारचंही एक यंत्र होतं. चांगलं कपाटाएवढं. पण ते बसवलं होतं कुठे, तर लांब बागेत, कारंज्याच्या शेजारी. कारंज्याशेजारी हवा वाईट कशी असेल, सांगा बरं! लोक तक्रार घेऊन गेले की कार्यालयातले साहेब त्याच यंत्राचा कागद पुढे करायचे. म्हणून मुलीने आमचा नकाशा काढला. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांना बजावलं होतं, "आपण एकही आकडा बदलायचा नाही. वाईट आला तरी नाही, चांगला आला तरी नाही. तसं केलं तर आपल्यात नि त्यांच्यात फरक काय?"

माझ्या वाट्याला आलं तिसऱ्या मजल्यावरचं मावशीचं घर. सख्खी कुणाची मावशी नाही, सगळ्या इमारतीची मावशी. शाळेचे गणवेश आणि पडदे शिवायची. काका तिचा नवरा. एकतीस वर्षं बस चालवली, आणि निवृत्त झाल्यावर आराम करायच्या दिवसांत छातीने दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हवा खराब असेल त्या दिवशी खिडकी उघडायची नाही, जिना उतरायचा नाही.

म्हणून रोज सकाळी काका आधी फोन उघडायचे. "काय म्हणतेय आपली बाई?" आपली बाई म्हणजे मी. आकडा पन्नासच्या खाली असला की खिडकी उघडायची, काठी घ्यायची आणि खाली कट्ट्यावर मित्रांत जाऊन बसायचं. वर असला की दिवसभर पलंगावर, चिडचिड करत. त्या माणसाचा दिवस मी ठरवत होते. मला त्याचा फार अभिमान होता, आता सांगायला लाज वाटते.

दोन वर्षं मी इमानेइतबारे आकडे पाठवले. बाकीच्या आठ डब्या मात्र एकेक करून गेल्या. कुणाच्या घरमालकाने काढायला लावली, कुणाचा मुलगा कारखान्यात कामाला लागला, दोघी पावसाने बिघडल्या. उरले मी एकटी. पण माझ्या जांभळ्या ठिपक्यांचे फोटो लोक एकमेकांना पाठवायचे, वर्तमानपत्रातही आले. शेवटी कार्यालयाला सुनावणी लावणं भाग पडलं. कारखान्याचा परवाना पुढे चालू ठेवायचा की नाही, हे तिथे ठरणार होतं. त्यासाठी त्या थंडीतले माझे आकडे बघायचे होते.

आता मावशीची एक सवय सांगते. तिला उघडी वस्तू बघवत नसे. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला कव्हर, शिलाई मशीनला तर दोन. काका म्हणायचे, "मी जरा वेळ एका जागी बसलो ना, तर ही माझंही माप घेईल." मावशी म्हणायची, "आधी दाढी करून या, मग बघते." असं त्यांचं चालायचं.

एका सकाळी काका मला बघून म्हणाले, "अगं, बिचारी किती काळी पडलीय बघ. दिवसरात्र आपल्यासाठी बाहेर लटकते." बस्स. दुपारी मावशीने गणवेशाचं उरलेलं निळं कापड काढलं, आत जाड अस्तर लावलं, कडेला नाजूक शिवण घातली आणि वायरीपुरतं भोक ठेवून मला नखशिखांत झाकून टाकलं. इंजिनीअरबाईने घरी एक कागद चिकटवला होता. ओल्या फडक्याने पुसू नका, उघडू नका, हलवू नका, वायर काढू नका. झाकू नका असं त्यात नव्हतं. हवा हुंगायला ठेवलेल्या वस्तूला कुणी पांघरूण घालेल, हे त्या पोरीच्या डोक्यातच आलं नाही.

आणि खोटं कशाला बोलू, मला आवडलं. माझ्यासाठी आजवर कुणी काही शिवलं नव्हतं.

पण पाच मिनिटांनी मी आकडा पाठवला आणि चपापले. चौदा. मग बारा. मग अकरा. माझ्या पंख्यापर्यंत पोचत होती ती अस्तरातून गाळलेली हवा. बाहेर काय चाललंय याचा मला पत्ताच नव्हता. नकाशावर मात्र हिरवागार ठिपका.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिची परीक्षा होती, म्हणून ती दुसऱ्या गावी गेली होती. "मावशी, आकडे बघितले का? दोन वर्षांत पहिल्यांदा! त्यांनी नवा फिल्टर बसवला असणार!" एरवी तुटक बोलणारी ती पोर आनंदाने ओरडत होती. तिने इंटरनेटवर लिहूनही टाकलं, की कारखान्याने सुधारणा केलेली दिसते, धन्यवाद. हजारो लोकांनी ते वाचलं.

काकांनी खिडकी सताड उघडली. रोज सकाळी फोन बघायचे, "बारा! वा गं बाई!" म्हणायचे आणि जिना उतरायचे. तिसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला. मावशी म्हणाली, "आज नका जाऊ, मला धूर लागतोय घशाला." काका म्हणाले, "तुझ्या घशाला काय कळतंय? मशीन तेरा म्हणतंय. मला उगाच वाटतंय ते, म्हातारपणाचं." सहाव्या दिवशी ते कट्ट्यावरून येताना दोन मजल्यांवर थांबले. आठव्या दिवशी पलंग खिडकीजवळ सरकवून घेतला, मोकळी हवा मिळावी म्हणून. मी त्यांच्या उशीपासून हातभर अंतरावर होते. ओरडावं कसं? मला आकड्याशिवाय दुसरं काही येत नाही, आणि आकडा माझ्या ताब्यात नव्हता.

अकराव्या दिवशी काकांना दवाखान्यात नेलं. त्याच संध्याकाळी ते गेले.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. दुःखातही मावशीचे हात थांबले नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्यांना घर गलिच्छ दिसू नये म्हणून तिने पडदे काढले, चादरी काढल्या, आणि माझं कव्हरही काढलं. निळं कापड काळंकुट्ट झालं होतं. तिने ते साबण लावून घासलं, वाळवलं, इस्त्री केली. आणि मी अकरा दिवसांनी पहिला खरा श्वास घेतला. तीनशे चाळीस.

तो आकडा बघून मुलगी दुसऱ्या गावाहून धावत आली. दारातच विचारलं, "मावशी, मशीनला काय झालं होतं?"

"काही नाही गं. कव्हर धुवायला काढलं."

"कसलं कव्हर?"

मावशीने घडी दाखवली. मुलीने आतलं अस्तर चाचपलं. "यातून धूळ आत जातच नव्हती, मावशी. म्हणून हिरवं दिसत होतं." मग मावशीला हळूहळू समजलं. रडली नाही ती. एवढंच म्हणाली, "म्हणजे खिडकी मीच उघडली म्हणायची."

खालच्या मजल्यावरचा क्रेनवाला भेटायला आला होता. कारखान्यातच क्रेन चालवतो तो. त्याने दार लोटून घेतलं आणि सांगितलं, "फिल्टर जळला होता. दोन आठवडे झाले. वरून हुकूम आला, भट्टी थांबवायची नाही, धूर तसाच सोडा. पण माझं नाव घेऊ नका. घरी तीन खाणारी तोंडं आहेत." जाताना तो मुलीला म्हणाला, "ते अकरा दिवस काढून टाक की. कुणाला कळणार आहे?"

मुलीने लॅपटॉप उघडला. तिचं बोट पुसून टाकायच्या बटणावर गेलेलं मी पाहिलं. मावशीने तिचा हात धरला. "तूच म्हणाली होतीस ना, एकही आकडा बदलायचा नाही? सुनावणीत मी सांगेन. माझ्या तोंडाने सांगेन."

आठवड्याने सुनावणी झाली. मला पुरावा म्हणून पिशवीतून नेलं. कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर लांबलचक खोली, पाण्याच्या बाटल्या फक्त साहेबांच्या टेबलावर. कंपनीचा माणूस अगदी मऊ बोलणारा होता. "या ताईंचं यंत्र सरकारी यंत्रापेक्षा खरं, असं वस्तीतलेच लोक म्हणतात. मान्य. मग त्यांचेच आकडे बघू." पडद्यावर माझा आलेख लागला. अकरा हिरवे दिवस. त्याखाली मुलीचंच 'धन्यवाद'. मुलीचं तोंड पांढरंफटक पडलं. इंटरनेटवरचं जे पान आम्ही त्यांना पकडायला सगळ्यांसाठी उघडं ठेवलं होतं, त्यातूनच त्यांनी हवं तेवढं उचललं होतं.

मावशी उभी राहिली. "साहेब, त्यावर कव्हर होतं. मी शिवलं होतं."

मागच्या रांगेत हशा पिकला. साहेब म्हणाले, "आणलंय का ते?"

तिने पिशवीतून काढलं. साहेबांनी उलटसुलट करून बघितलं. "हे तर स्वच्छ आहे."

"धुतलं ना, साहेब. घाण झालं होतं."

मग मुलीने विचारलं, त्या दिवसांत सरकारी यंत्र काय सांगत होतं? साहेबांनी कागद चाळले. "देखभालीसाठी बंद होतं." कुणी बंद केलं? "ते सिस्टीमच्या पातळीवर होतं." फिल्टरचं काय? कंपनीचा माणूस म्हणाला, त्याबाबत माझ्याकडे माहिती नाही. आणि मग हसून म्हणाला, "एका दिवसात अकरावरून तीनशे चाळीस! एक तर हवा चांगली होती, नाहीतर यंत्र बिघडलेलं आहे. दोन्हीपैकी काहीही धरा, आमची हरकत नाही." क्रेनवाला आलाच नव्हता. त्याच्यावर राग काढायचा तरी कसा?

परवाना पाच वर्षांसाठी वाढवून मिळाला. निकालात लिहिलंय, नागरिकांच्या स्वतःच्या नोंदींनुसार हवा समाधानकारक आढळली. आता कुठल्याही गावातल्या कुठल्याही कारखान्याबद्दल कुणी बोललं, की कुणीतरी माझा तो हिरवा आलेख चिकटवतं आणि खाली हसतं. इंटरनेटवरून काही पुसलं जात नाही, हीच तर आमची ताकद होती. आता तेच आमच्या अंगाशी आलं.

घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "मावशी, आलेखाखाली टीप टाकते. 'तांत्रिक बिघाड' लिहिते. तुमच्यावर काही यायला नको."

मावशी फटकन म्हणाली, "तांत्रिक कशाला? मशीनने काय केलं? मी सांगते तसं लिही." आणि शिलाई मशीनवर हात ठेवून, शब्द जुळवत, तिने सांगितलं. मुलीने जसंच्या तसं टाइप केलं. "या अकरा दिवसांत डबीवर मी शिवलेलं कव्हर होतं, म्हणून हिरवं दिसतंय. हवा चांगली नव्हती. माझ्या नवऱ्याने हा आकडा बघून खिडकी उघडली आणि तो गेला. कव्हर घातलं ही चूक माझी आहे." खाली तिने आपलं पूर्ण नाव घालायला लावलं. पत्तासुद्धा.

मी अजून त्याच खिडकीला आहे. पंखा घरघरतो, दिवा मंदावलाय, माझे फार दिवस उरलेले नाहीत. मावशी रोज सकाळी आधी खिडकीच्या फटीशी नाक नेते, मगच फोन बघते. तुम्हीही तसंच करा, छातीत दुखत असताना माझ्यासारखीचं ऐकू नका. आणि एक मागणं आहे. ते पान उघडा, मावशीची टीप वाचा. मग कंपनीने सुनावणीत दिलेला अहवाल काढा, कार्यालयाचा निकाल काढा, दोन्ही इंटरनेटवरच आहेत. फिल्टर जळलेला असताना भट्टी चालू ठेवा असं कोण म्हणालं, सरकारी यंत्र कुणी बंद केलं, ते शोधा. मी शोधून दमले. काका ज्यात गेले त्या सगळ्या प्रकरणात 'चूक माझी' असं लिहून खाली घातलेलं एकच नाव सापडतं, आणि ते तिचं आहे.