पूजलेला टेलिफोन

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आमचा मेहकरचा खरेदी-विक्री संघ चपळ झाला पाहिजे, असं चेअरमन भगवंतराव नागपुरातून कुणाचं तरी भाषण ऐकून आले आणि संघात टेलिफोन विभाग निघाला. विभाग म्हणजे एक टेबल, एक टेलिफोन आणि सहदेव. सहदेव बौद्ध घरातला, फौजेत तारायंत्राचं काम करून आलेला. नोकरी दिवाळीपर्यंत कच्ची. गेली तर बायकापोरं घेऊन पुन्हा गाव सोडायचं.

बाकी संघ म्हणजे डबक्यात बसलेली म्हैस. मी तिथलाच कारकून, म्हणून खात्रीनं सांगतो. आमच्या कापसाच्या गाठी मलकापूरच्या गोदामात अडकल्या होत्या. मालगाडीचे डबे मिळायची वेळ आली की तिथला आमचा माणूस उत्तमराव आजवर चेअरमनचा होकार मागायला पोस्टकार्ड टाकी. होकार पोचेपर्यंत डबे व्यापारी पळवत.

"यंदा डबे भेटले पाह्यजे," भगवंतराव सहदेवला म्हणाले. "भेटले तं तुही नोकरी पक्की."

खंडेनवमीला मॅनेजर शेषरावांनी तराजू पुजला, तिजोरी पुजली आणि टेलिफोनही पुजला. रिसिव्हरला हळदकुंकू, वर झेंडूची माळ. पूजलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. नांगराला तो शोभतो. यांनी तो टेलिफोनलाही लावला.

आरती चालू असतानाच टेलिफोन वाजला.

"मलकापूरचा असन, साहेब. उचलू काय?" सहदेवनं विचारलं.

"आज हात लागत नाही त्याले," शेषराव म्हणाले. "उद्या करतीन ते."

"उद्यापर्यंत डबे थांबतीन काय?"

घंटी वाजत राहिली आणि संचालक मंडळी तिच्यावरताण आवाज काढून आरती म्हणू लागली. इतका निलाजरा भक्तिभाव मी पुन्हा पाहिला नाही. शेवटी सहदेवनं माळ बाजूला केली आणि रिसिव्हर उचलला. उत्तमरावच होता. डबे उभे होते, फक्त होकार हवा होता. सहदेवनं चेअरमनकडे पाहिलं. भगवंतरावांनी मान डोलावली आणि गाठी त्याच दिवशी रवाना झाल्या.

संध्याकाळी शेषरावांना विटाळ आठवला. हात कुणाचा लागला, हे तोंडानं कुणी बोललं नाही. तेवढे आमचे लोक सुधारलेले होते. चार थेंब गोमूत्र शिंपडून भागलं असतं, पण शेषरावांना कुठलंही काम हातचं राखून करता येत नसे. त्यांनी अख्खा तांब्या टेलिफोनवर उपडा केला. टेलिफोन जो गप्प झाला तो झालाच. दुरुस्तीला पाठवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

दिवाळीच्या आधी भगवंतरावांनी सहदेवला बोलावलं. "यंत्रच बंद हाय, तं मानूस कायले ठेवाचा? सभेनं विभाग बंद केला."

"डबे तं भेटले होते ना, साहेब?"

"भेटले ना बे. त्याच्या खुशीचा पेढा नाही भेटला काय तुले?"

"हातावर वरून टाकला होता, साहेब," सहदेव म्हणाला. "खाली पडला."