मला कानस लावली त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी शिवणाची मशीन आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी गोड बोलायला आलेली नाही.

दौंडला पोपटरावांच्या दुकानात मी मागं कोपऱ्यात उभी होते. अंगावर नक्षी नाही, फूल नाही. एक दिवस शिरूरच्या मिशनच्या आवारातल्या राहेलबाई मशीन घ्यायला आल्या. त्या चौकड्यांच्या गोधड्या शिवायच्या. जुन्या कपड्यांचे चौकोनी तुकडे कापायचे आणि एकाला एक जोडायचे. त्यात टाक्याबाहेर सोडलेली कापडाची कड, म्हणजे माया, जरा कमीजास्त झाली की पुढची अख्खी ओळ वाकडी जाते.

पोपटरावांनी सोनेरी वेलबुट्टीची मशीन पुढं केली. "बाई, ही न्या. घराला शोभा येईल."

"शोभा नगं मला. कोपरं जुळाया पायजेत," राहेलबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून चिंध्या काढल्या आणि प्रत्येक मशीनवर अगदी कोपऱ्यापासून टाका घालून पाहिला. वेलबुट्टीवालीनं चिंधीचा कोपरा सुईखालच्या भोकात ओढून घेतला. माझ्या सुईखालच्या पत्रीचं भोक मात्र सुईपुरतंच बारीक. कापड दाबून धरणारा माझा पायही अरुंद. त्याच्या कडेला कापडाची कड लावली की माया आपोआप सारखी येते. "हीच द्या," त्या म्हणाल्या. असं पारखून घेतलेलं कुणाला आवडणार नाही? मी त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं इमानानं चालले.

मग शेजारच्या सुलतानबी आल्या. त्यांचा मुलगा पाशा रेल्वेत होता, तापानं गेला. त्याची बायको शहजादी पोटुशी होती. सुलतानबींनी पाशाचे सदरे राहेलबाईंच्या मांडीवर ठेवले. "याची गोधडी करा. लेकराला बाप तर न्हाई, त्याचं कापड तरी अंगावर यावं." सदरे विरलेले होते. त्यातून धड कापड जेमतेम निघालं, जास्तीची एक चौकडीही नाही.

तुकडे कापून राहेलबाई प्रार्थनेला गेल्या, आणि त्यांच्या नवऱ्याला, सत्यवानाला, कांद्याच्या फाटक्या गोण्या शिवायची हुक्की आली. घरात दाभण होता की! पण हात कोण दुखवून घेणार? त्यानं माझ्यात जाड सुई बसवली. ती भोकात मावेना, तर या गृहस्थानं कानस आणली आणि माझी पत्री घासून भोक मोठं केलं. मला ओरडता आलं असतं तर मी सगळं आवार गोळा केलं असतं. गोण्या शिवून झाल्या, त्यानं बारीक सुई परत लावली आणि बायकोला एका शब्दानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुलतानबी शेजारी बसल्या होत्या. राहेलबाईंनी पाशाच्या निळ्या सदऱ्याची चौकडी सुईखाली घातली आणि पायडल मारलं. कोपरा भोकात गेला, कापड पुढं सरकवणाऱ्या दात्यांत अडकला आणि टरकन फाटला. मीच फाडला तो, माझ्या तोंडानं. सुलतानबींनी फाटकी चौकडी उचलली. तो तुकडा गुडघ्यावर ठेवून हातानं सारखा करत राहिल्या.

"अगं, चिंधीच ती," सत्यवान म्हणाला. "एवढं काय मनाला लावून घेतीस?"

राहेलबाईंनी माझी पत्री उचकटली, तर भोकाच्या कडेला कानशीचे ताजे ओरखडे. दुपारी तो जेवायला बसला तेव्हा त्याच्या ताटात भाकरीच्या जागी तीच ठेवली. "खावा," त्या म्हणाल्या. "पाशाचा सदरा हिनं खाल्ला, तुमच्या कानशीपायी."

तो उपाशीच दौंडला गेला आणि नवी पत्री घेऊन आला. गोधडी झाली, पण एका जागी परकं कापड लावावं लागलं. पाशाचं कापड कुठल्या दुकानात मिळणार होतं?

मित्रांनो, यंत्राला तेल द्या, पुसून ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्याच्या रोजच्या हाताखालचं हत्यार असेल, त्याला विचारल्याशिवाय त्या हत्याराला हात लावू नका. त्यातली बारीक गोष्ट उगाच बारीक नसते.

सत्यवानानं पुढं माफी मागितली. सुलतानबींनी ती दिली. राहेलबाईंनीही रविवारी मिशनच्या देवळात गुडघे टेकून त्याला माफ केलं. मी अजून केलेलं नाही.