जपून वापरलेलं

राज्य नवं झालं आणि रायपूरला नव्याचं वेड लागलं, तेव्हा आमच्या ह्यांना जुन्याचं लागलं. तेलीबांध्याकडे फ्लॅट उभे राहत होते, तिथे राहायला जाणारी माणसं धडधाकट सामान टाकून देत, आणि ते सगळं आमच्या तात्यापाऱ्यातल्या एका धर्मादाय ट्रस्टच्या दुकानात येऊन पडे. रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरा उद्योग नव्हता, त्यामुळे जेवण झालं की हे तिकडे. त्या दुकानात स्वस्त तर मिळेच, पण आपली जुनी वस्तू दिली की तिच्याहून बरी जुनी वस्तू बदलूनही मिळे, आणि शालिग्राम साठवणे या गृहस्थांना फुकटात काही हाती लागलं की जग जिंकल्यासारखं होई. मला राग यायचा. माझ्या नाकावरच राग असतो असं हे सगळ्यांना सांगत फिरतात, तर असू दे. या माणसाबरोबर संसार करून थंड राहून दाखवावं कुणीतरी.

एके दिवशी माझा पोह्यांचा डबा बदलून आला. लग्नात मामाने दिलेला, माझं नाव कोरलेला आणि एका बाजूने चेपलेला. आलेला डबा तसाच होता, फक्त चेपलेला नव्हता. झाकणावर त्याच तिरक्या अक्षरांत कोरलं होतं, 'कौमुदीस, मामाकडून'.

"काहून बदलला? माह्या लग्नातला होता."

"नाव बी तेच निघालं, म्हणून तर आणला," हे खुशीत म्हणाले. "पाह्य, त्या बाईनं कसा जपून वापरला. नाहीतर तू."

कौमुदी काय जगात मी एकटीच आहे, आणि मामा तर सगळ्यांनाच असतात, असं स्वतःला समजावून मी डब्यात पोहे भरले. मग कढई आली. माझ्या कढईचा एक कान तुटला होता, हिचे दोन्ही शाबूत होते. तिच्यात मी नेहमीसारखीच वांग्याची भाजी केली, आणि पहिला घास घेऊन हे म्हणाले, "आज जमली." इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, कारण बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, ते कढईकडे पाहत होते. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते अगदी खरं. त्यानंतर पोळपाट आला, आरसा आला, आणि प्रत्येक वस्तूबरोबर त्या न पाहिलेल्या बाईचं कौतुक माझ्या घरात येऊन बसलं.

एका लग्नाला जायचं म्हणून मी शालू काढला, तर पदरावरचा तेलाचा डाग सापडेना. हे मला न विचारता शालूही बदलून बसले होते, ब्लाउजसकट. लहानपणी हात मोडल्यापासून माझा डावा दंड जाड आहे, म्हणून प्रत्येक ब्लाउजची डावी बाही मी उसवून सैल करून घेते. या ब्लाउजचीही डावी बाही उसवून सैल केलेली होती. टाके माझे नव्हते. माझ्या टाक्यांहून बारीक आणि सरळ होते.

भीती वाटायला हवी होती, पण मला संताप आला. कुणीतरी माझा मामा, माझा मोडका हात, माझं सगळं आयुष्य काहीही न चेपता, न डागाळता जगून दाखवलं होतं, आणि माझा नवरा ते एकेक करून घरात आणत होता. मी तशीच चपला घालून भर दुपारी दुकानात गेले.

"कुछ भूल गईं क्या दीदी?" दुकान सांभाळणाऱ्या विमलाने हसून विचारलं. मग माझा चेहरा नीट पाहून ती चपापली.

"मेरा पुराना सामान वापस दो," मी म्हणाले.

"वो तो यहाँ नहीं है. अभनपुर तरफ की एक दीदी हैं, अपना सामान दे के आपका वही ले जाती हैं." तिने मान खाली घातली. "आज भी आई थीं, खाली हाथ. बोलीं, अब जहाँ मेरा सामान है वहीं रहूँगी."

वाटभर मी शब्द जुळवत आले, नवऱ्यासाठी वेगळे आणि तिच्यासाठी वेगळे. माझ्याच दाराची कडी मला वाजवावी लागली. दार उघडणारी बाई माझ्या उंचीची, माझ्या वयाची होती, अंगावर माझी घरातली साडी होती आणि कपाळावर एकही आठी नव्हती.

"उन्हातून आल्या, या ना," ती म्हणाली. "बसा, पाणी आणते."

आतल्या खुर्चीवर बसलेले हे चटकन उठून उभे राहिले, परकी बाई घरात आली की उठतात तसे, आणि धोतराचा सोगा सावरला. मी दाराजवळच्या स्टुलावर बसले. तिने पेला आणून दिला. ओरडायला मी तोंड उघडलंही, पण कुणाच्या घरी जाऊन आवाज चढवू नये असं आईने मला शिकवलं आहे. मी पाणी प्याले, पेला खाली ठेवला आणि "येते" म्हणून उठले.

हे दारापर्यंत सोडायला आले. संसारभर मी ज्या गोड आवाजाची वाट पाहिली, त्या आवाजात म्हणाले, "येत जा, ताई."