तिसरा फोन

दुपारची जेवणं आटोपून मुली वर्गांना गेल्या की वसतिगृहाच्या रेक्टरबाई ऑफिसचं दार लोटून घेत आणि फोनवर लुडो उघडत. पलीकडे, दुसऱ्या गावी, त्यांची थोरली बहीण खाटेवर पडलेली असे. ताईचं खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं, तेव्हापासूनचा हा नेम. ताई पडल्या पडल्या साऱ्या जगावर करवादायची. धाकट्या बहिणीची सोंगटी मारली की मात्र तिची कळी खुलायची. तेवढ्यासाठी रेक्टरबाई मुद्दाम हरत, आणि ताईला संशय येऊ नये म्हणून मधून मधून जिंकतही.

त्या दुपारी खेळ सारखा अडकत होता. फासा फिरायचा, मध्येच थिजायचा, आणि वर ओळ उमटायची : जोडणी तुटली.

ताईने साधा फोन लावून टोमणा मारला, "काय गं धाकटे, हरायला लागलीस की पळतेस!"

"पळत्येय कुठली! इथलं वायफाय नाटकं करतंय. थांब जरा."

रेक्टरबाईंनी 'जोडा'वर बोट दाबलं. जोडलं गेलं. दोन चाली झाल्या आणि पुन्हा तुटलं. पुन्हा दाबलं. मग त्या इरेलाच पेटल्या. तुटलं की दाब, तुटलं की दाब. अखेर ताईची एक सोंगटी मारून त्यांनी समाधानाने फोन पालथा ठेवला, तोच जिन्यावर पावलं वाजली.

ती पावलं तुरतुरीची होती. तिसऱ्या मजल्यावरची ही मुलगी चालायचीच अशी तुरूतुरू, म्हणून सगळ्या तिला तुरतुरी म्हणत. शेवाळावर संशोधन करायची. मागच्या अंगणातली भिंत ती रोज भिंगातून न्याहाळते म्हणून रेक्टरबाईंनी तेवढी एक भिंत घासायची नाही असं झाडणाऱ्या बाईला बजावून ठेवलं होतं. त्या शेवाळापायी तिला परदेशातल्या एका प्रयोगशाळेचं बोलावणं यायचं होतं, आणि त्याची ऑनलाइन मुलाखत आज होती. रेक्टरबाईंनी सकाळी तिच्या तळहातावर साखर ठेवली होती.

"बुडालं, बाई," तुरतुरी दारातच म्हणाली.

"अगं, बस आधी. काय झालं?"

"कोणीतरी मला सारखं बाहेर ढकलत होतं. मी बोलायला लागले की बंद. पुन्हा शिरले की पुन्हा बंद. शेवटी मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, पुरे आता." तिचा आवाज फाटला. "विद्यापीठाची चूक असेल तर संध्याकाळपर्यंत विद्यापीठातल्या कुणीतरी तसं सांगावं, उद्या पुन्हा घेऊ म्हणाल्या. नाहीतर नाही."

रेक्टरबाईंनी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, वायफायला चार शिव्या हासडल्या आणि तडक संगणक केंद्रात फोन लावून तिथल्या माणसाला फैलावर घेतलं. हे सगळं त्यांनी अगदी मनापासून केलं. पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती या मनापासूनची.

संगणक केंद्रातला माणूस लॅपटॉप बगलेत मारून आला. सगळं बिनतारी झालं तरी त्याचं नाव वायरवालाच राहिलं होतं. त्याने टेबलावरच बस्तान मांडलं आणि पडद्यावरची यादी वरखाली केली.

"नेटवर्क ठणठणीत आहे," तो म्हणाला. "एका नावावर एका वेळी दोन यंत्रं चालतात. तिसरं शिरलं की सगळ्यात जुनं आपोआप बाहेर. हिचा लॅपटॉप, हिचा मोबाइल, आणि हा बघा, तिसरा फोन. हा आत आला की लॅपटॉप बाहेर. रस्सीखेच चालली होती नुसती. आणि चिकाटी बघा या फोनची! दम खायला तयार नाही."

रेक्टरबाईंचा हात पालथ्या फोनवर गेला आणि तिथेच राहिला. तो तळव्याखाली अजून कोमट होता.

त्यांचंही स्वतःचं नाव होतं नेटवर्कवर. पण दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलावा लागे आणि त्या विसरत. मागच्या खेपेला या वायरवाल्याने मुलींच्या घोळक्यात, "बाई, पदराला गाठ मारून ठेवा आता," असं म्हटलं होतं. मुली खिदळल्या होत्या. त्यानंतर त्याच्या दारात जायला त्यांचं पाऊल उचललं नाही. ताईच्या ऑपरेशनच्या दिवशी त्यांची घालमेल बघून तुरतुरीने आपणहून आपला पासवर्ड त्यांच्या फोनमध्ये घातला होता. "आजच्या दिवस वापरा, बाई." तो दिवस कधीच सरला. फोनने पासवर्ड लक्षात ठेवला, आणि बाईंनी तो दुसऱ्याचा आहे हे सोयीने विसरून टाकलं.

"कुठून येत होता तो फोन?" तुरतुरीने विचारलं.

"तळमजला." वायरवाल्याने बाईंच्या डोक्यावरच्या भिंतीतल्या वायफायच्या पांढऱ्या डबीकडे बोट दाखवलं. "इथूनच कुठून तरी. एखाद्या मैत्रिणीला दिला असशील पासवर्ड. आता मी त्या मुलाखतवाल्यांना कुठल्या तोंडाने सांगू, की चूक आमची?" मग त्याने दाराजवळच्या सूचनेकडे मान वळवली. "बाईंनी लाल शाईत लिहिलंय की. पासवर्ड कुणालाही देऊ नये. सबब चालणार नाही."

तुरतुरी तोंड उघडून काही सांगणार होती. तिची नजर बाईंच्या हाताखालच्या फोनवर गेली. तिला आठवलं, ते बाईंना स्पष्ट दिसलं. तिने ओठ मिटले आणि ती जमिनीकडे बघू लागली.

"दिला होता एकीला," ती पुटपुटली. "माझीच चूक."

तिने "बाई, तुम्ही?" असं विचारलं असतं, तर बाईंनी कदाचित कानावर हात ठेवले असते. तसं बळ त्यांच्या अंगात होतं, मुलींना शिस्त लावता लावता कमावलेलं. पण पोर गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्यापुढे ते बळ काही कामाला येईना.

"तिसरा फोन माझा आहे," रेक्टरबाई म्हणाल्या.

वायरवाला हसला. मग त्याचं हसू विरलं. "ऑफिसच्या वेळात काय करत होता एवढं, बाई?"

"लुडो खेळत होते."

तेच वाक्य त्यांना थोड्या वेळाने फोनवर परीक्षक बाईंना सांगावं लागलं. तुरतुरी आणि वायरवाला समोर उभे होते. "मी इथली रेक्टर. मुलीचा दोष नाही. तिला मीच बाहेर ढकलत होते."

पलीकडून प्रश्न आला, "लुडो?"

"लुडो," रेक्टरबाई म्हणाल्या. कानाच्या पाळ्या चटचट भाजत होत्या.

उद्याची वेळ मिळाली. वायरवाला निघताना, खाली मान घालून म्हणाला, "वर कळवावं लागेल मला, बाई." त्या म्हणाल्या, "कळव की." तुरतुरीने आभार मानले नाहीत, रागही केला नाही. जिन्यावरून हळूहळू, एकेक पायरी चढत वर गेली. तिचं तसं चालणं बाईंनी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेक्टरबाई तिसऱ्या मजल्यावर, तुरतुरीच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसल्या. येणाऱ्या जाणाऱ्या मुलींना बोटानेच गप्प करत होत्या. मांडीवर बाजारातून आणलेला पुठ्ठ्याचा लुडो होता. वायफाय बंद केलेल्या फोनवरून त्यांनी ताईला साधा फोन लावला. तिकडे भाचीने तसाच पट खाटेवर मांडून ठेवला होता.

"हळू का बोलतेस गं?" ताईने विचारलं.

"आत मुलाखत चाललीय."

"बरं. माझे सहा पडले."

बाईंनी ताईची सोंगटी पुढे सरकवली.

दाराआडून तुरतुरीचा आवाज येत होता. शेवाळाबद्दल ती न थांबता बोलत होती, आणि कुणी तिला तोडत नव्हतं. बऱ्याच वेळाने दार उघडलं.

"झाली?"

"झाली." तुरतुरी उंबऱ्यात थांबली. "बाई, मी पासवर्ड बदललाय."

"बरं केलंस," रेक्टरबाई म्हणाल्या. त्यांना वर बघवलं नाही. पोर तुरूतुरू जिना उतरून गेली.

"ए धाकटे, आहेस ना?" फोनमधून ताई म्हणाली. "पुन्हा सहा."

पुन्हा सहा! ताई लहानपणापासून चिडकी आणि खोटारडी होती. रेक्टरबाईंच्या जिभेवर शब्द आला होता. तो त्यांनी गिळला, आणि सोंगटी उचलून मोजत मोजत ताईच्या घरापर्यंत नेऊन ठेवली.