बारा उजवे पाय

पाय धुऊन घ्यायला जायचं म्हणून आठवडाभर आधी पाय धुवत बसायचं, हा उद्योग आपल्याच लोकांना सुचावा! पवित्र गुरुवारी फादर बारा माणसांचे पाय धुतात, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. फार काही नाही, नुसता उजवा पाय. तांब्यानं पाणी घालायचं, पंच्यानं पुसायचा, वर मुका घ्यायचा, झालं. पण ज्या बारा जणांची निवड व्हायची, ते उपासकाळाच्या शेवटी शेवटी वजरी घेऊन ओढ्यावर बसायचे आणि टाचा रक्त निघेस्तोवर घासायचे. लाजरसबाबा तर वर खोबरेलही चोळायचा. फादरांना घाण दिसता कामा नये म्हणे. मग फादरांनी धुवायचं काय, कपाळ?

हे सगळं बघून बन्सीचं डोकं फिरायचं. बन्सी मिशनच्या विहिरीवर मोट हाकायचा. माणूस कामाला वाघ, तोंडाला फटकळ. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घेतलेली हीच माणसं दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला गुडघे टेकायची, त्यात क्रूस वाहणारा प्रभू तिसऱ्यांदा पडला की बायका पदरानं डोळे पुसायच्या, आणि घरी परतताना वाटेत मांगवाडा लागतो म्हणून सगळे ओढ्याकडनं लांबचा फेरा घ्यायचे. बन्सी मुद्दाम एकटा मांगवाड्यातनं जायचा. "रडायचं प्रभूसाठी आन् नाक दाबायचं शेजाऱ्यासाठी," असं तो बायकोला म्हणायचा, आणि त्याला खरोखरच ओकारी यायची.

लढाई नुकतीच संपली होती. जुन्या जर्मन फादरांना सरकारनं लढाईत कुठंतरी नेऊन ठेवलं होतं, ते काही परत आले नव्हते. त्यांच्या जागी वसईकडचे फादर लोपीस आले होते, वयानं तरणे, बोलायला मऊ. गेल्या नाताळात त्यांनी मांगवाड्यातल्या सहादेवाला बाप्तिस्मा दिला. सहादेव घायपात कुजवून दोर वळायचा आणि घोडेगावच्या बाजारात दावी, कासरे विकायचा. मोटेचा नाडा तुटला की बन्सी त्याच्याकडं जायचा. तिथं कधी चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, गप्पांतनं देवाधर्माचं निघायचं, आणि त्यातनंच सहादेव देवळात आला. आला तो बन्सीच्या भरवशावर.

त्याची बायको चांगुणा मात्र अजून बाहेरच होती. पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या शनिवारी तिचा आणि पोरीचा बाप्तिस्मा करायचा असं फादरांनी ठरवलं होतं. बाईनं अजून हो म्हटलं नव्हतं.

"बन्सीभाऊ, आमचं मालक भोळं हायेत, मी न्हाई," ती बन्सीला म्हणाली. "देवाबद्दल माझं काय बी म्हननं न्हाई. मला मानसं बघू द्या. गुरुवारी समद्यांसंगं ह्यांचा बी पाय धुतला, तर शनिवारी मी पोरीला घिऊन येते. न्हाई तर आमी हाय तिथंच बरं हाओत."

"माझी जबान हाय, वैनी," बन्सी म्हणाला. "कोन काय करतंय बघतोच मी."

पवित्र आठवड्याच्या आधीच्या शुक्रवारी, क्रुसाची वाट संपल्यावर, श्रीमंत मास्तरांनी शाळेच्या खोलीत बैठक घेतली. मास्तर म्हणजे मिशनचे धर्मशिक्षक. शाळा तेच चालवायचे, प्रार्थना तेच सांगायचे, आणि फादरांचा शब्द लोकांकडं आणि लोकांचा फादरांकडं तेच पोचवायचे, दोन्हीकडचा जरा पातळ करून. "फादरांचं म्हणणं आहे, यंदा बारांत सहादेव बसेल," एवढं म्हणून ते चष्मा पुसत बसले.

मग लाजरसबाबा खाकरला. मिशनच्या पंचमंडळीत सगळ्यात वडीलधारा तोच. "आपलं काय म्हननं न्हाई," तो म्हणाला. "समदी देवाचीच लेकरं. पर त्यो वास? घायपात कुजवून कुजवून त्याच्या अंगाला घान मारती. त्या पायाचा मुका घ्यायचा हाय फादरांनी! फादरांचा तरी इचार करा."

"आन् पंचा येकच असतुय," मागनं कुणीतरी बोललं.

हां! आत्ता कशी गाडी रुळावर आली! फादरांचा विचार वगैरे सगळं झूट. पंचा एकच, आणि फादरांचं तोंडही एकच. त्याला पुसलेला पंचा आपल्या पायाला लागायचा, त्याला लागलेले ओठ आपल्या पायाला लागायचे, हे खरं दुखणं.

बन्सी ताडकन उठला. "लाजा वाटत न्हाईत? पाटलाची मानसं आपल्याला पानवठ्यावर उभी करीत न्हाईत म्हनून आपलं बापजादे फादरांकडं रडत गेल्ते. आन् आता आपुनच पाटील झालो व्हय रं? उपास करताय! कशाचा उपास? पोटाला मटान घालायचं न्हाई आन् मनात ही घान पाळायची! थू तुमच्या उपासाला!" आणि तो खिडकीतनं खरंच थुंकला.

आरडाओरडा झाला. "तुला लई पुळका आलाय!" "तूच जा की मग मांगवाड्यात राहाया!" मास्तर दोन्ही हात वर करून "अरे हळू, अरे हळू" करत राहिले. शेवटी घोडेगावच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून बैलाचा सौदा करतात तसा तिथं सौदा झाला. फादर पाय धुवायला वेदीकडून सुरुवात करणार. तिथं पहिला लाजरसबाबा. सहादेवानं अगदी शेवटाला, दाराशी बसायचं. म्हणजे पंचा त्याच्यापर्यंत पोचेल तेव्हा पुढं पुसायला कुणी उरणारच नाही. आणि त्याच्या शेजारी कुणी बसायचं?

"मी बसतो," बन्सी गरजला.

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. बन्सीला सौदा पसंत नव्हता, पण बसतोय तर रांगेत, असं त्यानं मनाला समजावलं. वर शेजारी आपण बसणार, कुणी वाकडं बघितलं तर डोळा फोडू. छाती काढून तो घरी गेला. त्या सौद्यात आपलाही पाय सहादेवाच्या आधीच धुतला जाणार होता, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

गुरुवारी दुपारी देऊळ गच्च भरलं. बाहेर ऊन नुसतं आग ओकत होतं, आत बायाबापड्या पदरानं वारा घेत होत्या. वेदीपासून दारापर्यंत बाकं लावली होती आणि बारा जण उजव्या पायावरनं धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन बसले होते. घासून घासून पाय असे केले होते की लग्नाला निघालेत असं वाटावं. सहादेवही आदल्या दिवशी ओढ्यावर बसला होता, पण इतरांच्या जागेपासून खाली, वाहत्या पाण्याच्या खालच्या अंगाला. साबणाची वडी संपवली होती बिचाऱ्यानं. वास कुठला यायला! फक्त नखांच्या कडा घायपाताच्या रसानं काळ्या हिरव्या राहिल्या होत्या, त्या काही निघाल्या नव्हत्या. बायकांच्या बाजूला, दाराजवळच, पोरीला मांडीवर घेऊन चांगुणा बसली होती. बन्सीनं तिच्याकडं बघून मान हलवली, बघा, दिलेला शब्द पाळला.

आणि घोळ झाला तो पाण्यानं. देवळाची जमीन शेणानं सारवलेली, वेदीपुढं चिखल नको, म्हणून पाण्याचा हंडा आणि परात नेहमीप्रमाणं दाराशी ठेवली होती. शुक्रवारपासून सगळं गाव कोण कुठं बसणार यावर भांडलं, पण पाणी कुठं आहे याचा एकाच्याही बापानं विचार केला नव्हता! फादर लोपीस कमरेला पंचा बांधून निघाले, सगळी रांग ओलांडून सरळ हंड्याकडं गेले, आणि तिथंच गुडघ्यावर बसले. सहादेवापुढं.

लाजरसबाबाचा चेहरा पडला. मास्तर तांब्या घेऊन फादरांच्या मागं उभे होते. त्यांनी वाकून हळूच म्हटलं, "फादर, सुरुवात तिकडून..." फादरांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलंही असेल. त्यांनी सहादेवाचा उजवा पाय परातीवर धरला. मास्तरांनी झक मारत पाणी घातलं. फादरांनी पाय चोळला, बोटांच्या बेचक्यांतनं पुसला, त्या काळ्या हिरव्या नखांसकट, आणि खाली वाकून पायाचा मुका घेतला. सहादेवाच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहायला लागलं. चांगुणा पोरीच्या कानात काहीतरी सांगत होती आणि हसत होती.

मग फादर गुडघ्यावरच पुढं सरकले. पुढं बन्सी.

बन्सीनं पाय पुढं केला. मास्तरांनी पाणी घातलं, फादरांनी पाय चोळला. इथपर्यंत सगळं नीट होतं. मग फादरांनी पंचा हातात घेतला. पंचा ओला होता. त्यावर एक हिरवट डाग होता, नखाएवढा. बन्सीची नजर त्या डागावर गेली आणि त्याला ओकारी आली. हीच ती ओकारी, लोक ओढ्याकडनं फेरा घ्यायचे तेव्हा यायची तीच. बन्सी चांगला ओळखत होता तिला. आणि पाय मागं गेला.

त्यानं नेला नाही हो, गेला! ओलागच्च, थेंब गाळत, बाकाखाली जाऊन बसला. फादर पंचा धरून थांबले. "बन्सी?" ते हळूच म्हणाले. "पाय द्या."

"व्हय, फादर," बन्सी म्हणाला. तोंड म्हणालं. पाय काही येईना. ज्या घरात चहा प्यायला त्या घराचं पाणी अंगाला लागतंय तर अंग चोरतोय, अरे तुझ्या जिनगानीवर थू, असं तो स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालत होता. मांडीवर दोन्ही हात दाबून जोर लावत होता. लाजरसबाबा पलीकडच्या टोकावरनं मान लांब करून बघत होता, आणि त्याच्या ओठांवर हसू फुटलं होतं.

सहादेवानं आधी बन्सीच्या तोंडाकडं बघितलं, मग बाकाखाली. डोळे पुसले. आणि अगदी सरळ आवाजात, बाजारात गिऱ्हाइकाला दावं दाखवावं तसा म्हणाला, "मास्तर, तुमच्या काखंत दुसरा पंचा हाय न्हवं, त्यो द्या फादरांना. लोक खोळंबल्यात."

होता! मास्तरांच्या काखेत घडी घातलेला कोरा पंचा तयारच होता, सकाळपासून! मास्तरांनी तो चटकन पुढं केला. फादरांनी बन्सीकडं बघितलं, सहादेवाकडं बघितलं, पंच्याकडं बघितलं. तरणे फादर, बोलायला मऊ. त्यांनी पंचा घेतला.

आणि बन्सीचा पाय आला की पुढं! कोऱ्या पंच्याला लगेच आला.

पुढचं सगळं झ्याक पार पडलं. एकेक पाय धुतला गेला, पुसला गेला, लाजरसबाबाच्या खोबरेल लावलेल्या पायाशी विधी संपला, गाणी झाली. बाहेर आल्यावर लोक एकमेकांना म्हणत होते की यंदाचा गुरुवार लई शोभला. लाजरसबाबानं बन्सीच्या खांद्यावर थाप मारली. "आता आला शाना हून," तो म्हणाला, आणि त्या हाताचा बन्सीला इतका तिटकारा आला की त्यानं तो झटकला. झटकला खरा, पण खांदा कुणाचा होता? हा खांदा, हा पाय, हे सगळं त्या हाताच्याच जातकुळीचं निघालं होतं. त्यानं फुफाट्यात उजवा पाय घासला, चांगला रगडून रगडून घासला. ऊन असं तापलं होतं की तळवा भाजत होता. तरी तो घासत राहिला.

सहादेव खाली मान घालून कधीच निघून गेला होता. चांगुणा पोरीला कडेवर घेऊन सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली आणि नेमकी बन्सीपुढं येऊन थांबली.

"वैनी," बन्सी म्हणाला. "वैनी, शनिवारी..."

"बाकीच्यांचं मला ठावंच हुतं, भाऊ," ती म्हणाली. "मी तुमचाच पाय बघाया आल्ते."